प्रौढ वयात नवी कला : कोयकलमाचा एक धडा

मृगाच्या सरी पडल्या, की कोकणातील रोपवाटिकांमध्ये एक निराळीच लगबग सुरू होते. गादीवाफ्यांवर पेरलेल्या रायवळ आंब्याच्या कोयी रुजू लागतात, त्यांचे तांबूस कोंब पाचोळ्यातून वर डोकावतात, आणि छपराखाली पाटावर बसून कलमे बांधणाऱ्या मंडळींचे चाकू दगडावर फिरू लागतात. याच सुमारास कृषि विभागातर्फे गावोगावी कलमे बांधण्याचे शिक्षणवर्ग भरतात. त्यांची सूचना घेऊन आम्ही वाड्यांवाड्यांतून फिरतो, तेव्हा चाळिशी उलटलेल्या शेतकरी बंधूंकडून बहुधा एकच उत्तर मिळते : "साहेब, आता या वयात आम्ही काय शिकणार? पोराला पाठवून देतो." पोरगा मुंबईस असतो, ही गोष्ट निराळी.

या उत्तरात विनय असतो, थोडा आळस असतो, आणि मनाच्या तळाशी भीती असते. ही भीती श्रमाची नव्हे. ज्याने पंचवीस-तीस वर्षे चिखलणी केली, तो चार दिवसांच्या वर्गातील कष्टांना कसा भिणार? भीती असते ती चारचौघांत चुकण्याची. लहान मूल चुकले तर सारे हसतात व मूलही हसते. पन्नाशीचा कर्ता पुरुष, ज्याचा शब्द घरात व वाडीत मानला जातो, त्याच्या हातून पाचर मोडली तर ती त्याला एकट्यालाच दिसत नाही. म्हणून या लेखात कोयकलमाची रीत सांगताना, ती शिकणाऱ्या माणसाविषयीही चार शब्द लिहिणे इष्ट वाटते.

वय झाले म्हणजे शिकण्याची शक्ती संपते, ही समजूत जुनी आहे व ती खरी नाही. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांचा जन्म १८५६ चा, म्हणजे तेथे जाताना त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली असतानाही त्यांनी तेथे पुस्तकांच्या आधारे जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास केला. टिळक असामान्य बुद्धीचे होते असे म्हणून हे उदाहरण कोणी बाजूस सारील, म्हणून दुसरे सामान्य माणसांचे देतो. २००४ साली जर्मनीतील संशोधकांनी काही तरुण मंडळींना तीन चेंडू हवेत उडवून झेलण्याची कसरत शिकविली, आणि शिकण्यापूर्वी व शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूची यंत्राद्वारे चित्रे घेतली. तीन महिन्यांच्या सरावानंतर, डोळ्यांनी हालचाल टिपण्याशी संबंधित असलेला मेंदूचा भाग किंचित वाढलेला आढळला. पुढे २००८ साली त्यांनी हाच प्रयोग साठीच्या आसपासच्या स्त्री-पुरुषांवर केला. वयस्क मंडळींपैकी थोड्यांनाच ती कसरत तरुणांइतकी साधली. परंतु वाढ त्यांच्याही मेंदूत दिसून आली. सराव सोडल्यावर ती ओसरली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शेतातल्या अवजाराप्रमाणे हे आहे : वापरले तर चकाकते, टांगून ठेवले तर गंजते.

असो. आता स्वतःची गोष्ट सांगतो, कारण इतरांना धीर देणाऱ्याने प्रथम आपली फजिती उघड करावी हे बरे.

मी कृषि पदवीधर. कलमांचे प्रकार, त्यांची शास्त्रीय तत्त्वे, कोणत्या फळझाडास कोणती पद्धत, हे सारे मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळविले होते. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एका गावी प्रात्यक्षिक करून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे पंचवीस-तीस शेतकरी बसले होते. मी बोललो उत्तम. नंतर वीस कलमे बांधली, आणि तीन आठवड्यांनी येऊन फुटवे पाहू असे सांगून निघालो. तीन आठवड्यांनी सारी मंडळी पुन्हा जमली. वीसपैकी अठरा काड्या काळ्या पडल्या होत्या. कोणी काही बोलले नाही. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र, "पाऊस फार झाला यंदा," असे म्हणून माझी बाजू सावरली. त्या सौजन्याने मला अधिकच ओशाळे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेत गेलो. तेथे तरुणपणापासून कलमे बांधणाऱ्या एक बाई होत्या. त्यांस आम्ही सारे काकी म्हणत असू. माझ्या सुकलेल्या कलमांपैकी एक त्यांनी हाती घेतले, पट्टी सोडली, काडीची पाचर उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "साहेब, सुरी दोनदा फिरवलीत. एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवली की लाकूड उंचसखल होतं, मग मधे वारा राहतो." पुस्तकात 'कलमकाडीस दोन्ही बाजूंनी तिरकस काप द्यावा' एवढेच लिहिलेले असते. तो काप एका ओढीत झाला पाहिजे, आणि तो तसा होण्यासाठी चाकूची धार कशी हवी, कोपर कोठे टेकलेले हवे, श्वास केव्हा रोखावा, हे काकींच्या मनगटात होते. पंधरा दिवस रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी मी त्यांच्याजवळ पाटावर बसलो. पदवीधर माणसाने मजूर बाईंपाशी धडे घ्यावेत याचे काहींना नवल वाटले. मला पहिले दोन दिवस संकोच वाटला, पुढे वाटेनासा झाला.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू.

कोयकलमासाठी खुंट म्हणून रायवळ आंब्याची ताजी कोय घ्यावी. आंब्याच्या कोयीची रुजण्याची शक्ती फार दिवस टिकत नाही. महिनाभरात ती पुष्कळ घटते. म्हणून फळ खाल्ल्यावर कोय धुऊन, सावलीत सुकवून लवकरात लवकर पेरावी. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. कोंब वर आल्यापासून दहा ते पंधरा दिवसांत, पाने अद्याप तांबूस व देठ कोवळा असतानाच कलम बांधावयाचे असते. देठ हिरवा व निबर झाला, की या पद्धतीचा काळ गेला असे समजावे. कोकणात जुलै-ऑगस्टमधील दमट हवा या कामास सर्वांत अनुकूल असते.

कलमकाडी ज्या झाडाची जात आपणांस हवी त्या झाडाच्या शेंड्याची, तीन-चार महिने वयाची, सुमारे दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची व पेन्सिलीएवढ्या जाडीची घ्यावी. येथे एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. काडी कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस, ती झाडावर असतानाच, तिची पाने देठाचा थोडा भाग ठेवून छाटून टाकावी लागतात. त्या अवधीत देठ गळून पडतात व शेंड्याचा डोळा फुगू लागतो. अशी जागी झालेली काडी खुंटावर लवकर फुटते. पाने न छाटता घाईने आणलेली काडी बहुधा निजलेलीच राहते आणि निजल्या ठिकाणी मरते.

खुंटाचा शेंडा कोयीपासून सात-आठ सेंटिमीटर उंचीवर छाटावा, आणि छाटलेल्या टोकातून सरळ खाली तीन-चार सेंटिमीटरची चीर द्यावी. काडीच्या खालच्या टोकास दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा काप देऊन पाचर करावी व ती चिरेत बसवावी. साल व लाकूड यांच्या मध्ये एक पातळ, ओलसर, जिवंत थर असतो. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे, आणि कलम जुळते तेही याच थरामुळे. खुंटाचा हा थर व काडीचा हा थर एकमेकांस भिडले पाहिजेत. दोहोंची जाडी सारखी असेल तर दोन्ही बाजूंस भिडतात. काडी बारीक असेल तर ती मध्यभागी न ठेवता एका कडेस सरकवावी, म्हणजे निदान एका बाजूची साल सालीस मिळेल. काडी नेमकी मध्ये बसवून दोन्ही बाजू कोरड्या ठेवणे ही नवशिक्याची ठरलेली चूक होय. दिसावयास ते कलम फार नीटनेटके दिसते.

यानंतर सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने जोड घट्ट बांधावा, काडीवर लहान प्लॅस्टिकची टोपी घालावी, आणि कलम माती व शेणखत भरलेल्या पिशवीत लावून सावलीत ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला, की टोपी काढावी. जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे येतात ते वेळोवेळी खुडावेत. त्यांची दया आली तर रायवळ वाढते व वर बांधलेली जात उपाशी मरते. जोड पक्का झाला म्हणजे, सुमारे तीन महिन्यांनी, पट्टी सोडावी. ती विसरली तर पुढे खोडात रुतते.

एवढी ही विद्या. सांगण्यास अर्धा तास पुरतो. हातात उतरण्यास किती दिवस लागतात हे ज्याच्या-त्याच्यावर अवलंबून आहे, आणि याविषयी एका गृहस्थांची हकिकत सांगणे उपयुक्त होईल.

हे गृहस्थ अठ्ठावन्नाव्या वर्षी मुंबईची नोकरी संपवून गावी परतले. नोकरीत त्यांनी एका गोदामाचे हिशेब सांभाळले होते. शेतीचा संबंध गणपती व शिमग्यास येण्याजाण्यापुरता. वाडीत सारे त्यांस अण्णा म्हणतात. वर्गाच्या पहिल्या दिवशी ते स्वच्छ सदरा घालून, वही-पेन्सिल घेऊन पहिल्या रांगेत बसले. सांगितले ते सर्व त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. दुपारी चाकू हाती आल्यावर मात्र त्यांचा हात कापू लागला. पाचर तीनदा मोडली. शेजारीच त्यांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या बसला होता. त्याने तोवर सहा कलमे बांधून ओळीने मांडली होती. तो हसला नाही, उलट "काका, मी करून देऊ का?" असे आदराने म्हणाला. अण्णांनी चाकू मिटला, वही उचलली, आणि दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत.

चौथ्या दिवशी सायंकाळी मी त्यांच्या घरावरून जात असता त्यांनी हाक मारून आत बोलाविले. चहा झाला. मग त्यांनी परसात नेऊन एक जुना रायवळ आंबा दाखविला. त्यांच्या आईने लावलेला. घरात त्यास 'साखऱ्या' म्हणत. फळ लहान, सालीला पातळ, पण रस असा की लहानपणी भावंडांत त्यावरून भांडणे होत. आता त्याचे खोड भिरुडाने पोखरले होते. बुंध्याशी भुशाचा ढीग पडलेला, अर्ध्याहून अधिक फांद्या वाळलेल्या. माझा हात खोडावर ठेवून त्यांनी विचारले, "हे झाड किती दिवस काढील?"

मी खोटा धीर दिला नाही. झाड एक-दोन पावसाळ्यांचे सोबती होते. कोय पेरून साखऱ्याचे रोप झाले असते, पण आंब्याच्या कोयीपासून आलेले झाड आईच्याच चवीचे निघेल याची खात्री नसते. चव तशीच राखावयाची तर कलम हाच मार्ग. मी म्हटले, "उद्या माणूस पाठवतो, काड्या घेऊन कलमे बांधून देईल." ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, "माणूस पाठवू नका. मला शिकवा."

त्यांच्या हाताचा कंप मला आधीच खटकला होता. चहाचा कप त्यांनी धरला तेव्हा तो मुळीच कापत नव्हता. मी विचारले, तेव्हा कळले की जवळचे पाहण्याचा चष्मा त्यांच्यापाशी आहे, परंतु वर्गात पोरांसमोर तो लावणे त्यांना नको वाटले होते. चाळिशीनंतर जवळची वस्तू अस्पष्ट दिसू लागते हा निसर्गाचाच नियम आहे. डोळ्यास कड स्पष्ट दिसत नाही, म्हणून बोटे चाकू अधिक आवळून धरतात. आवळलेली बोटे थरथरतात, आणि माणूस समजतो की आपले हात गेले. आमच्या वर्गांत येणाऱ्या निम्म्या प्रौढांची अडचण केवळ एवढीच असते असे माझे मत झाले आहे. तेव्हा वर्गास येताना चाकूच्या आधी चष्मा आठवणीने घ्यावा.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांस काकींपाशी नेऊन बसविले. काकींनी आठ दिवस त्यांना आंब्याच्या कोंबास हात लावू दिला नाही. पेरूच्या हिरव्या काड्यांचा भारा पुढे टाकला आणि फक्त पाचरी करावयास सांगितल्या. रोज सकाळी वीस, सायंकाळी वीस. कोपर गुडघ्यावर टेकलेले, चाकू अंगापासून दूर जाणारा, ओढ एकच. झालेली पाचर काचेच्या तुकड्यावर ठेवून त्या पाहत. काच व लाकूड यांच्या मधून उजेड दिसला तर ती बाद. पहिल्या दिवशी चाळीसपैकी चार पास झाल्या. अण्णा हिशेबनीस, त्यांनी वहीत दोन रकाने आखले व रोजचा आकडा मांडू लागले. आठव्या दिवशी तो सव्वीसवर गेला. या अवधीत साखऱ्याच्या जिवंत राहिलेल्या फांद्यांवरील काड्यांची पाने त्यांनी छाटून ठेवली होती.

थोडा थोडा, पण रोज, असा सराव एकाच दिवशी पाच तास बसून केलेल्या सरावापेक्षा अधिक टिकतो, हे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी अनेक प्रयोगांनी दाखविले आहे. प्रौढांच्या बाबतीत तर घरची कामे सांभाळून एवढेच शक्य असते. म्हणजे जे सोयीचे तेच हिताचे, असा हा विरळा योग आहे. आकडा लिहून ठेवण्याचाही मोठा उपयोग होतो. वयस्क माणसाचे मन कालच्या चुका विसरत नाही, पण कालची प्रगती मात्र चटकन विसरते. वही ती विसरू देत नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अण्णांनी साखऱ्याच्या चोवीस काड्या बांधल्या. एकही फुटली नाही.

येथे मी त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, कोण जाणे. ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत असे पुतण्याकडून कळले. तिसऱ्या दिवशी ते सारी मेलेली कलमे टोपलीत घालून रोपवाटिकेत आले आणि काकींच्या पुढे एकेक सोडून पाहू लागले. पाचरी बऱ्या होत्या. दोष दुसरीकडे होता. त्यांनी घराच्या पडवीत बसून कलमे बांधली होती. तेथे पावसाचे तुषार येत होते. शिवाय पट्टी वरून खाली गुंडाळली होती, त्यामुळे प्रत्येक वेढ्याच्या कडेतून पाणी आत शिरले व जोड कुजला. काकी म्हणाल्या, "पट्टी खालून वर न्यायची." अण्णा एकदम थबकले आणि म्हणाले, "म्हणजे कौलं चढवतात तशी!" छपराची कौले वळचणीपासून आढ्याकडे रचीत नेतात, म्हणजे वरचे कौल खालच्यावर चढते व पाणी वरच्या वर निथळते. हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. मी कित्येक वर्षे ही पट्टी बांधावयास शिकवीत होतो, पण ही उपमा मला सुचली नव्हती. आता प्रत्येक वर्गात मी तीच देतो.

प्रौढ माणूस रिकाम्या हाताने शिकावयास येत नाही, हे या प्रसंगाने मला शिकविले. त्याची बोटे सावकाश वळतात हे खरे. परंतु नवी गोष्ट अडकविण्यास त्याच्या मनात जुन्या खुंट्या पुष्कळ असतात. त्या वर्गातील पोरे भराभर बांधीत, पण काडी निवडताना हाताशी येईल ती तोडीत. कोणती फांदी दर वर्षी धरते व कोणती नुसतीच पालवते, हे पाहण्याची दृष्टी वयाबरोबर येते.

ऑगस्टच्या मध्यास साखऱ्यावर बांधण्याजोग्या एकोणीस काड्या उरल्या होत्या. त्यानंतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत झाड टिकेल याचा भरवसा नव्हता. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो नाही. पुतण्याने कोंब हातात दिले, अण्णांनी माजघरात दिव्याखाली बसून, चष्मा लावून, सारी एकोणीस बांधली. तीन आठवड्यांनी पाच फुटली. त्यांतील दोन पुढे मर लागून गेली. तीन राहिली.

या हकिकतीत पैशाचा लाभ कोठे आहे, असे कोणी विचारील. लाभ आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाल्यापासून कलमांची मागणी वाढली व कोकणात अनेक कुटुंबांच्या खाजगी रोपवाटिका उभ्या राहिल्या. कलमे बांधण्यात सफाई असलेल्या हातांस हंगामात काम मिळते. परंतु अण्णांनी आजवर एकही कलम विकलेले नाही. ते दर पावसाळ्यात शे-सव्वाशे बांधतात, वाडीत वाटतात, आणि कोणाच्या परसातील कोणता रायवळ राखण्याजोगा आहे याची त्यांच्या वहीत नोंद आहे. एकदा मी त्यांस विचारले की, मुंबईहून आल्यावर करमत नव्हते, ते आता करमते का? ते म्हणाले, "पूर्वी मी परसात जात होतो. आता परसात मला काम असतं." फांदीकडे पाहिले की तिच्यातली काडी दिसू लागते, पाऊस लागला की त्याचा दमटपणा उपयोगी वाटू लागतो, रोजचीच वाट, पण डोळा नवा. हा बदल ज्याने अनुभवला त्यालाच त्याची गोडी कळते, आणि मलाही तो काकींच्या पाटावरच प्रथम कळला.

काकींविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. हजारो कलमे बांधणाऱ्या या बाईंस लिहितावाचता येत नव्हते. कोणत्या वाफ्यात हापूस, कोणत्या वाफ्यात केसर व कोणत्या वाफ्यात रत्ना, हे त्या जागेवरून लक्षात ठेवीत. एका वर्षी वादळी पावसात पिशव्या हलवाव्या लागल्या, सरमिसळ झाली, आणि चिठ्ठ्या असूनही काकींना त्या वाचता येईनात. त्या दिवशी मी त्यांना प्रथमच रडताना पाहिले. साऱ्या कामाची जबाबदारी त्यांच्याकडे असे, पण नोंदवही दुसऱ्याच्या हाती असे, त्याचे शल्य त्या दिवशी बाहेर पडले.

मी म्हटले, "काकी, तुम्ही मला सुरी शिकवलीत, मी तुम्हांला पेन्सिल शिकवतो." त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस. त्यांनीही प्रथम तेच उत्तर दिले, जे आम्ही वाड्यांवाड्यांतून ऐकतो. मग त्यांना त्यांच्याच पेरूच्या काड्यांची आठवण करून दिली. मुळाक्षरांपासून आरंभ न करता मी त्यांच्या रोजच्या तीन शब्दांपासून केला : हापूस, केसर, रत्ना. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत हजारो प्रौढ स्त्री-पुरुष रात्रीच्या वर्गांत कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवीत होते. प्रौढास त्याच्या कामाचा शब्द प्रथम द्यावा, हे प्रौढशिक्षण करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 'रत्ना'मधील जोडाक्षराने काकींना फार छळले. "हे तर कलमच आहे, अर्धा त आणि वर न," असे एकदा त्या वैतागून म्हणाल्या, आणि स्वतःच हसू लागल्या. दिवाळीपर्यंत त्या चिठ्ठ्या लिहू लागल्या. पुढील वर्षी वाफ्यांची नोंदवही त्यांच्या हाती आली. त्यांचे अक्षर अद्याप मोठे व तिरके आहे, पण त्या वहीत एका पिशवीचीही गफलत निघत नाही.

यंदाचे वर्ग जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात भरतील. ज्यांस यावयाचे आहे त्यांनी आपल्या सहायक कृषि अधिकाऱ्याकडे नाव द्यावे. आपल्या परसातील ज्या झाडाची कलमे करावयाची, त्याच्या काड्यांची पाने आठ-दहा दिवस आधी छाटून ठेवावीत. चाकू नसल्यास तेथे मिळेल. तो आपल्या मापाचा चष्मा मात्र तेथे मिळणार नाही. बापलेक दोघेही येणार असतील तर त्यांस निरनिराळ्या रांगांत बसविण्याची व्यवस्था आम्ही आता करतो.

साखऱ्याचे जुने झाड त्यानंतरच्या श्रावणात वाऱ्याने पडले. तीन कलमांपैकी एक अण्णांनी त्याच जागेच्या बाजूस लावले, एक मुलीच्या सासरी दिले, आणि तिसरे रोपवाटिकेत काकींनी मागून घेतले. त्यावरची चिठ्ठी काकींनी लिहिली आहे. गेल्या माघात अण्णांच्या झाडास पहिला मोहोर आला. मी तो पाहावयास गेलो, तेव्हा त्यांनी तो खुडून टाकला होता. झाड लहान आहे, अजून दोन वर्षे त्यास फळाचा भार घेऊ देता कामा नये, असे त्यांनी मला समजावून सांगितले.